कॅमेऱ्यावरचा टॉवेल

माझ्या दारावर कॅमेरा लावायचा, हे पुण्यात ठरलं. मुलगा तिकडे नोकरीला, मी केडगावात एकटी, आणि मागच्या गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल चोरीला गेलेली. "आई, तुझ्या काळजीनं मला झोप लागत नाही," असं तो म्हणाला. पूर्वी काळजी वाटली की मुलं यायची, आता कॅमेरा पाठवतात. मी तेव्हाच बजावलं होतं की चोरासाठी लावलेला डोळा दिवसभर म्हातारीकडेच बघत बसणार. पण माझं ऐकतो कोण!

बसवला तो शेजारच्या मुलानं. त्याचं पुणे रोडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, कॅमेरेही तोच बसवतो. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला, मला काकू म्हणणारा. त्याची आई होती तेव्हापासून आमच्या घराची एक किल्ली त्यांच्या खिळ्याला टांगलेली असते. गावाला जाताना किल्ली शेजारी द्यायची, ही आमच्या गल्लीची रीतच आहे.

त्याची बायको भंडारदऱ्याकडची. तो दुकानात गेला की दुपारी ती माझ्या ओट्यावर भाजी निवडायला यायची. बोलायची थोडं, हसायची खूप. पुढे पुढे हसणं आटलं. नवरा हात उगारत नव्हता, पण रोज संध्याकाळी चहा पिता पिता तिचा फोन मागून घ्यायचा आणि सगळा चाळायचा. कुणाशी बोललीस, एवढा वेळ काय बोललीस. लग्न झाल्यापासून तिला एकदाही माहेरी राहू दिलं नव्हतं.

"मी किराणा आणाया गेले तरी त्यांना दुकानात बसून दिसतंय काकू," ती एकदा म्हणाली. "त्यांच्या फोनमधी मी नुसता ठिपका हाय. ठिपका हलला की लगेच फोन येतो."

एके दिवशी मेथी निवडता निवडता तिनं सांगून टाकलं, "मला जायचंय. पुन्हा न्हाई यायचं."

मला धस्स झालं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तिचा भाऊ तिकडे पर्यटकांना जीपमधून फिरवतो. त्याला माझ्या फोनवरून फोन लावायचं ठरलं. त्या कॅमेऱ्यावर माझा मुळीच विश्वास नव्हता, म्हणून आधी त्याच्यावर एक जुना टॉवेल टाकला आणि चिमटा लावला. माझं लहानपण शेतातलं. कोंबडी डालग्याखाली झाकली की गप्प बसते, एवढं मला ठाऊक. दिसायचं बंद झालं म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले. टॉवेलखाली बसून ती भावाशी पोटभर बोलली, रडली. सोमवारी दुपारी तो जीप घेऊन थेट गल्लीच्या तोंडाशी येणार, असं ठरलं.

संध्याकाळी शेजारचा माझ्या दारात उभा. तोंडावर हसू.

"काकू, तो टॉवेल आता वाळला असेल. काढून टाका, चोर आला तर दिसायचा न्हाई." मग चपलेत पाय सरकवत म्हणाला, "आणि सोमवारचं त्या जीपवाल्याला सांगा, राहू दे. डिझेल लई महाग झालंय."

तो गेल्यावर मी कडी लावली आणि आतल्या खोलीत गेले. मग मुलाला फोन लावला.

"त्यात आवाज पण येतो का रे?"

"येतो ना. चांगला आहे तो कॅमेरा."

"आणि ते शेजारच्याला कसं ऐकू येतं?"

"अगं, पासवर्ड त्याच्याकडे पण आहे. मी इथे लांब, काही झालं तर तोच धावून येणार. आपण किल्ली देतोच की त्यांना!"

असा राग आला मला! किल्लीनं घर उघडतं, ते पण आम्ही गावाला गेल्यावर. ह्या किल्लीनं मी घरात असताना माझं तोंड उघडं पडलं होतं, आणि त्या पोरीचं नशीबही. मुलगा घाबरला, आत्ताच पासवर्ड बदलतो म्हणाला. मी म्हटलं, "खबरदार हात लावलास तर." बदलला असता तर शेजारच्याला लगेच कळलं असतं आणि तिचं ओट्यावर येणंही बंद झालं असतं. पिंजऱ्याची कडी वाजवून पाखरू उडवत नाहीत.

टॉवेल मी काढून टाकला. नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत पाणी ओढायच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, शेजारी उभ्या बाईचं बोलणं कळत नाही. तेव्हा मागच्या दारी, बादल्या भरता भरता, खरं काय ते आम्ही दोघींनी ठरवलं. दुपारी मात्र मी ओट्यावर कॅमेऱ्याकडे तोंड करून बसले आणि मोठ्यानं विचारलं, "मग सोमवार रद्द ना? रविवारी सकाळी भाऊ स्टँडवर येतोय ना गं?"

"व्हय काकू, रविवारीच," ती खाली मान घालून म्हणाली.

शेजारच्यानं रविवारी दुकान बंद ठेवायचं ठरवलं, असं तिनंच मला बादल्यांपाशी सांगितलं. शुक्रवारी तो निर्धास्त दुकानात गेला. तिनं फोन तुरीच्या डाळीच्या डब्यावर चार्जिंगला लावून ठेवला, म्हणजे ठिपका घरात. स्वतः मागच्या दारानं निघून शाळेच्या पलीकडे उभ्या असलेल्या जीपमध्ये बसली. जाताना माझ्या पाया पडायला वाकली, तर मी तिला ढकललंच, जा म्हटलं.

तो आला, ओरडला, माझ्या दारावर थापा मारल्या. मी दार उघडलं नाही. "मार थापा," मी आतून म्हटलं, "सगळं दिसतंय तुझ्याच कॅमेऱ्यात." मुलानं पासवर्ड बदलला, स्वतः येऊन कॅमेरा काढून नेला. किल्लीही मी परत मागून घेतली. गल्लीतल्या बायकांना ते फार लागलं. किल्ली परत मागणं म्हणजे चोर म्हणणं. मी म्हटलं, असू दे.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. आईजवळ आहे म्हणाली, भात लावणी चाललीय, पाऊस लई हाय. मला किती विचारायचं होतं! जेवतेस का, झोप लागते का, पुढे काय करणार. पण तिचं नाव तोंडातून काढायची हिंमत होईना. हा फोन मी त्याच्याच दुकानात दुरुस्त करून घेतला होता, आत काय बसवलं असेल कोण जाणे. भिंतीत स्क्रूची भोकं तशीच होती. मी नुसतं "हं" म्हणत होते. "बरं." "हं."

"काकू," तिनं विचारलं, "माझ्यावर रागावलात का तुमी?"