दुर्बिणीतला सरळ माणूस

दुर्बिणीत रहीमभाई डोक्यावर उभे होते. त्यात नवल काही नव्हते. नवल हे की त्यांच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ पायांवर उभे होते.

सर्वेक्षणाशी ज्यांचा संबंध आला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. आम्ही सर्व्हेअर ज्या यंत्राने कोन मोजतो त्याला थिओडोलाइट म्हणतात. तीन पायांच्या घोडीवर बसवलेली ती एक दुर्बीण असते. जुन्या थिओडोलाइटमध्ये भिंगे मोजकी असत. त्यामुळे प्रतिमा उजळ येई, पण उलटी येई. आकाश खाली, जमीन वर आणि माणसे डोक्यावर. पहिले काही महिने मळमळते. पुढे डोळा असा सरावतो की उलटे दिसते आहे हेही ध्यानात राहत नाही. माझ्या डोळ्याला तर वीस वर्षांचा सराव होता.

म्हणूनच मी दचकलो. त्या गृहस्थांच्या अंगात खाकी कोट होता, खाली धोतर, डोक्याला पांढरा पटका. टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून ते सावधान उभे होते. चेहरा माझ्याकडे होता. अख्ख्या उलट्या शिवारात तेवढे एक रूप सरळ होते.

मी दुर्बिणीवरून डोळा काढला. हाकेच्या अंतरावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा रॉड धरून माझे मदतनीस रहीमभाई एकटेच उभे होते. चैत्राचे ऊन होते आणि ढेकळांवर हवा थरथरत होती.

"रहीमभाई, शेजारी कोण आहे?"

"कौन साब? इधर मेरे सिवा कोई नै!"

पुन्हा डोळा लावला. गृहस्थ होते. माझा हात सवयीने क्लॅम्पकडे गेला. क्लॅम्प म्हणजे दुर्बीण आहे त्या दिशेला घट्ट धरून ठेवणारा स्क्रू. तो आवळला, कोन वाचला आणि लिहिला. पुन्हा डोळा लावून पाहतो, तो दुर्बिणीत केवळ रहीमभाई होते, नेहमीप्रमाणे डोक्यावर.

ही हकिगत जालना रोडवरच्या करमाडच्या अलीकडची आहे. तेव्हा शहराभोवती कारखाने उगवत होते. शाळू आणि बाजरीच्या रानांत एका वर्षात पत्र्याच्या शेड उभ्या राहत. एका कंपनीने तिथे जमीन घेतली होती. आतल्या रस्त्याची सेंटर लाइन, म्हणजे रस्त्याच्या मध्यातून जाणारी रेषा, आखून देण्याचे काम आमच्याकडे होते. तेच दिवस नामांतराचेही होते. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा दुभंगला होता. कधी बंद असे, कधी एस.टी. अर्ध्या वाटेवरून परत फिरे. आम्ही जीप सोडून कित्येकदा पायी साइटवर गेलो आहोत.

साइटवर दगडू नावाचा वॉचमन होता. धनगराचा, चाळिशीचा, बोलका. ही जमीन पूर्वी त्याच्याच घराण्याची. ती कंपनीला गेली आणि तिच्यावरच तो राखणदार म्हणून राहिला. त्या दुपारी झोपडीत चहा देताना तो म्हणाला, "साहेब, तोंड का उतरलं? ऊन बाधलं व्हय?"

मी पाहिले ते सांगितले. खाकी कोट म्हणताच तो चहा ओतायचा थांबला.

"पटका कसा व्हता? डावीकडं शेमला सोडलेला?"

"होय."

"माझा आजा हाय तो."

रहीमभाईंनी आपला चहा हळूच खाली ठेवला. "साब, मैं उनके बाजू में खडा था क्या?"

"होय."

"या अल्लाह. फिर भी चाय पूरी पीऊंगा," असे म्हणून त्यांनी कप पुन्हा उचलला.

मग दगडूने जे सांगितले, ते मी येथे आदराने नोंदवतो. त्याचे आजोबा मेंढरांमागे वाढलेले. पहिल्या महायुद्धात निजामाच्या राज्यातून जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झाले. तिकडे वाळवंटात नकाशे काढणाऱ्या तुकडीबरोबर ते निशाण धरून उभे राहत. अक्षरेही तिथेच शिकले. लढाईतून परतले ते अंगावर खाकी कोट आणि डोक्यात एक खूळ घेऊन. गावच्या पोरांना मराठी लिहिता-वाचता आले पाहिजे, हे ते खूळ. बाभळीखाली त्यांनी शाळा भरवली. सगळ्या वस्त्यांची मुले एका रांगेत बसवली. कोणी कुरकुरले तर म्हणत, फौजेत गोळी वस्ती विचारून येत नाही. पावसाने ओढ दिली आणि मेंढरे घेऊन माणसे दूर गेली, की मास्तरही पाटी गळ्यात अडकवून मागोमाग चालत. मुक्काम पडेल तिथे शाळा.

"लई मारायचे का?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"नाय. मारायचे नायत. नुसतं बघायचे. त्यापरीस मार बरा."

"मग ते आता उभे का आहेत?"

दगडूने बाहेरच्या रानाकडे पाहिले. मग म्हणाला, "आमच्यात मातीला देतात, साहेब. आज्याला याच रानात पुरलंय. मी तवा बापासंगं मेंढरांमागं व्हतो, ल्हान व्हतो. बाप गेला. खुणंचा दगड डोझरनं उचलून कुठं टाकला, देव जाणं. बाभळ पण गेली. आता तुमची लाइन कुठून जाणार, मला म्हाईत नाय. सोमवारी रोलर येणार म्हणत्यात. आज्याच्या छातीवरून टरक जातील, अन् मी गेटावर हुबा राहून त्यान्ला सलाम ठोकीन. सांगा, जगावं कसं?"

"ठाऊक असणारे कोणीच नाही?"

"एक हाय. किसन. त्यानंच खड्डा खंदला व्हता. आज्याचा लाडका. पण नामांतराच्या गडबडीत त्याचं घर जाळलं गावातल्यांनी. ल्हानगी पोर पाठीवर घिऊन शहरात गेला. पुन्हा ह्या शिवारात पाय ठिवणार नाय म्हणून गेला." मग तो म्हणाला, "मी जाळाय नव्हतो, साहेब. पण इझवाय पण नव्हतो."

संध्याकाळी मी आमच्या डेप्युटी इंजिनिअर साहेबांना भेटलो. जहागीरदार साहेब हुशार गृहस्थ होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि कागदावर आकृती काढली.

"शास्त्रीबुवा, मृगजळ. तापलेल्या जमिनीवरची हवा वस्तूची उलटी प्रतिमा दाखवते. ती उलटी प्रतिमा तुमच्या यंत्राने पुन्हा उलटी केली. उलट्याचे उलटे म्हणजे सरळ. झाले?"

मी पाठशाळेत शिकलेला, रोज संध्या करणारा म्हणून ऑफिसात सगळे मला शास्त्रीबुवा म्हणत. वेदान्तात मृगजळाचा दृष्टान्त मी शेकडो वेळा ऐकला होता. म्हणून नम्रपणे विचारले, "साहेब, प्रतिमेला मूळ माणूस लागतो. तो कुठे होता?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "फाइलीत भूत लिहिता येत नाही. सोमवारच्या आत लाइन द्यायची आहे. बाकी तुम्ही आणि तुमचा वेदान्त."

दुसऱ्या दिवशी मी सूर्य वर येण्याआधी यंत्र लावले. जमीन गार होती. अशा वेळी मृगजळ होत नाही, हे साहेबांच्याच शास्त्रानुसार. जागाही बदलली. आदल्या दिवशी पूर्वेच्या कोपऱ्यात होतो, आज उत्तरेच्या बांधावर. रहीमभाईंना मुद्दाम माझ्याजवळ उभे केले. समोर सारे रान मोकळे होते.

डोळा लावला, आणि मास्तर तिथे होते. सरळ. सावधान.

मी मनात विष्णुसहस्रनाम सुरू केले. तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि झपकन खाली आणले.

आमच्या कामात फार लांबवर आवाज पोहोचत नाही, म्हणून हातांच्या खुणा असतात. हात बाजूला पसरला, म्हणजे तिकडे सरक. दोन्ही हात डोक्यावरून झपकन खाली, म्हणजे जागा बरोबर आहे, इथेच खुंटी ठोक. ही खूण शिवारातल्या सामान्य माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही. नकाशाच्या तुकडीत निशाण धरलेल्या माणसाला ती ठाऊक असते.

मी क्लॅम्प आवळला. कोन लिहिला. पाहिले तर रान रिकामे.

दोन ठिकाणांहून एकाच वस्तूचे कोन मिळाले, की ती वस्तू जवळ न जाता शोधता येते. नकाशावर दोन्ही ठिकाणांहून रेषा काढायच्या. त्या जिथे छेदतील, तिथे वस्तू. मी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून रेषा काढल्या. त्या बरोबर आमच्या सेंटर लाइनवर छेदल्या.

"साब, मत बोलो," रहीमभाई म्हणाले. "मैं समझ गया."

साखळीने अंतर मोजून आम्ही तिथे गेलो. उघडी, सपाट, ढेकळांची जमीन. रहीमभाईंनी बिस्मिल्ला म्हणून खुंटी ठेवली आणि हातोडा मारला. खुंटी थोडी गेली आणि अडली. पुन्हा मारला तर टक्क असा पातळ आवाज आला. दगडाचा आवाज असा येत नाही. रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "राहू द्या."

मात्र खुंटी म्हणजे पुरावा नव्हे. माझ्या डोळ्यांच्या भरवशावर मंजूर झालेला रस्ता वळत नाही. हे मी दगडूला सांगितले. त्याने मान डोलावली, सायकल काढली आणि शहराकडे गेला. त्या दिवशी बंद होता आणि रस्त्यावर टायर जळत होते.

तो परतला तेव्हा कॅरिअरवर किसनराव होते. गवंडीकाम करणारे, कानांवर केस पिकलेले, ताठ. सायकलवरून उतरले, पण बांधाच्या अलीकडेच थांबले.

"शपथ घातली व्हती मी," ते म्हणाले.

दगडू म्हणाला, "मला शिव्या दे. माझ्या दाराशी थुंक. पण आज्याला रस्त्याखाली नगं घालूस."

किसनरावांनी त्याच्याकडे पाहिले. मग चपला काढून हातात घेतल्या. "तुझा आजा मला वाकड्या म्हणायचा. हुबं राहताना खांदा पडायचा ना माझा. म्हणायचा, वाकड्या, तू सरळ झालास की समदं गाव सरळ व्हईल." ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "झालो मी. गाव कुठं झालं?"

आणि त्यांनी बांध ओलांडला.

आत आल्यावर मात्र ते गोंधळले. बाभळ नाही, विहीर बुजलेली, बांध मोडलेले. "कशावरून सांगू? समदं पुसलंय." मग खुंटी त्यांच्या दृष्टीस पडली. "ही कुणी ठोकली?"

"मी. का?"

"दगडाचा काय भरवसा, म्हणून मास्तरांच्या उशाला शाळंची पाटी हुबी गाडली व्हती मी. वीतभर खाली. कुणालाच म्हाईत नाय."

ते गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती उकरू लागले. दगडूही समोर बसला. दोघांची बोटे एकाच वेळी थांबली. खुंटीच्या टोकाशी पाटीची काळी कड होती, नुकताच टवका उडालेली. दगडूने कपाळ मातीला टेकवले. किसनरावांनी माती पुन्हा लोटली आणि तळहाताने थापटली, झोपलेल्या मुलाला थापटावे तशी.

नंतर मी त्यांना दुर्बिणीतले सारे सांगितले. एकच कोडे उरले होते, तेही सांगितले. सगळे जग उलटे असताना मास्तर सरळ का दिसले?

त्यांना त्यात कोडे असे काही वाटलेच नाही.

"कवायत घेताना ते आमच्याकडं तोंड करून हुबं राहायचे," किसनराव म्हणाले. "समोरच्याचा उजवा हात पोरांना डावीकडं दिसतो, पोरं चुकतात. म्हणून 'उजवा' म्हणलं की मास्तर सोता डावा वर करायचे. पोरांना सरळ दिसावं म्हणून ते जन्मभर उलटं वागले, साहेब. तुमचं यंत्र उलटं दाखवतं म्हणता ना? मग ते उलटं हुबं राहिले असतील."

त्या ढेकळांखाली एक वृद्ध शिक्षक मला सरळ दिसावे म्हणून डोक्यावर उभे होते, ही कल्पना आजही संध्येला बसलो की कधी कधी समोर येते.

जहागीरदार साहेबांना मी प्रत्यक्ष आणून पाटीची जागा दाखवली. त्यांनी मृगजळाचा विषय काढला नाही. सेंटर लाइनला छोटा वळसा मंजूर केला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले: समाधी. सोमवारी रोलर आला आणि वळून गेला. किसनराव गावात राहायला परतले नाहीत. पण समाधीचा ओटा त्यांनीच बांधला, आणि विटा दगडू वाहत होता.

सरळसोट रस्त्याला मध्येच तो वळसा का, असे नवे ट्रकवाले अजून गेटवर विचारतात, असे ऐकतो. पुढे उलटी प्रतिमा देणारी यंत्रे गेली, सरळ दाखवणारी आली. निवृत्त होईपर्यंत मी हाताखालच्या सर्व्हेअरना एक गोष्ट मात्र सांगत राहिलो. दुर्बिणीत उलटे दिसेल ते निर्धास्त मोजा. काही सरळ दिसले, तर क्लॅम्प आवळा, आणि लाइन देण्याआधी गावात जाऊन विचारा की इथे कोण शिकवीत होते.