बाईच्या हाताला लागलेला फोन

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी यायला वीसेक मिनिटं होती, तेव्हा मी माझा फोन काढून बाबांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. त्याच खिशात त्यांचा जुना बटणांचा फोन असायचा. तो बिचारा आठवडाभर आधी संत्र्याच्या आळ्यात पडला आणि पाणी पिऊन मेला. माझा फोन टचस्क्रीनचा होता, मोर्शीकडच्या आमच्या गावात तसा दुसरा नव्हता. बाबांनी खिशावर हात ठेवला आणि विचारलं, "तुले नाही लागत?" मी म्हटलं, तिकडे गेल्यावर नवा घेईन. माय पदराला डोळे पुसत होती आणि डब्यातल्या धपाट्यांबद्दल तिसऱ्यांदा सांगत होती. बाबा सिग्नलकडे बघत होते.

गाडी दिसली तशी मी घाईघाईनं म्हटलं, "बाबा, मी रोज दुपारी फोन करीन. तुम्ही बगीच्यात असाल तेव्हा. आपण दोघंच बोलू." त्यांनी मान हलवली. ती मान मी नीट पाहून ठेवली, कारण तेवढीच कबुली माझ्या हातात होती.

दुपारचंच का, ते सांगायला हवं. घरात बाबा बोलायचे नाहीत. जेवताना हो-नाही एवढंच. पण ऊन कललं, की बगीच्यात झाडांच्या ओळींमधून चालता चालता त्यांना कंठ फुटायचा. कोणत्या झाडाच्या खोडातून डिंक गळून डिंक्या रोग धरतो आहे, कोणतं झाड आजोबांनी लावलं, कोणतं रुसून बसतं. मी शाळेतून थेट तिकडे जायचे. अर्धवट झोपेत ऐकलेल्या गोष्टींसारखं ते सगळं अजून माझ्या अंगात आहे. पुढे अकोल्याला जाऊन मी शेतीचंच शिकले आणि माती तपासायच्या लॅबमध्ये लागले. बाबांनी मनाशी धरलं होतं, की चार-दोन वर्षं नोकरी करून पोरगी बगीच्यात येईल. आणि पोरीनं हॉलंडची नोकरी धरली. मी सांगितलं तेव्हा ते खोडांना बोर्डो मलम लावत होते. मोरचूद आणि चुन्याची ती निळसर खळ, तिनं त्यांचे हात कोपरापर्यंत माखलेले. हात न थांबवता ते म्हणाले, "जाय." बस, एवढंच. 'जा' म्हणजे आशीर्वाद, की 'जा' म्हणजे टळ एकदाची, हे मला विचारायचं धाडस झालं नाही.

हे मी लिहिते आहे ते गावाकडे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. तुमच्यापैकी ज्यांनी तो पहिला टचस्क्रीन फोन हातात घेतला असेल त्यांना ते दिवस आठवतील. मी अकोल्याला पगार साठवून घेतला होता. खोलीवरच्या आम्ही तिघी संध्याकाळी गच्चीत बसून आळीपाळीनं त्याच्यावर बोट फिरवायचो. काम काही नसायचं. नुसते फोटो इकडून तिकडे सरकवायचो, पाण्यावर पानं सरकावीत तसे. बॅटरी दुपारीच मान टाकायची, आणि अकोल्याचं ऊन म्हणजे काय विचारता, मे महिन्यात तो असा तापायचा की कानाला लावणं मुश्किल. गावी नेला तेव्हा शेजारची काकू दारावरची बेल दाबावी तशी काचेवर बोट दाबून धरायची आणि म्हणायची, "काही होऊन नाही राह्यलं व!" आम्ही हसून लोटपोट व्हायचो. आम्ही हसत होतो तेव्हा बाबा जवळच उभे होते. त्यांनी हात लावून पाहिला नाही, आणि कुणी त्यांच्यापुढे फोन धरलाही नाही.

हॉलंडमध्ये मी उतरले ते एका स्वप्नातच उतरले म्हणायला हरकत नाही. सगळं सपाट, ओलं आणि गप्प. धुकं बघायला आम्ही सहल काढून चिखलदऱ्याला जायचो. इथे ते रोज सकाळी दाराशी येऊन उभं. माझी लॅब काचेच्या मोठमोठ्या ग्रीनहाऊसच्या मधोमध होती. संध्याकाळी त्यांच्यात दिवे लागले, की क्षितिजभर नारिंगी उजेड पसरायचा, आणि ट्रामच्या खिडकीला डोकं टेकून मी मोर्शीच्या रस्त्यानं निघालेली असायचे. पेंगताना कुणी डचमध्ये काही बोललं तरी मला ते वऱ्हाडीच ऐकू यायचं. शिफ्ट, कार्ड, थर्मल, अपॉइंटमेंट असले शब्द जिभेवर बसत गेले. 'मले' आणि 'तुले' मात्र कुठे वापरायचे हा प्रश्न होता.

ते वापरायची जागा मी ठरवून ठेवली होती. माझी जेवणाची सुट्टी म्हणजे तिकडची चहाची वेळ. पहिल्या दिवशी मी ग्रीनहाऊसच्या मागे एका बाकावर बसले आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला, तेच. वाटलं, झाडावर चढले असतील. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रविवारी सकाळी लावला की माय लगेच उचलायची, जगभरचं बोलायची, मग बाबांच्या कानाला फोन लावायची. ते म्हणायचे, "बरी हायेस ना? बरं." मी विचारायचे, दुपारी उचलत का नाही? ते म्हणायचे, "बगीच्यात आवाज नाही येत." खिशात, काळजावर ठेवलेला फोन, आणि आवाज येत नाही!

मग मला तो 'जाय' पुन्हा ऐकू यायला लागला, आणि त्याचा अर्थ लागला असं वाटलं. बाबा रागावलेत. ज्या बगीच्याला मी पाठ दाखवली, तिथे त्यांना माझा आवाजही नको आहे. मला फार लागलं ते, खरंच सांगते. मी त्या बाकावर बसून रडले आहे, हातात सँडविच घेऊन. आणि राग बापाचा असला तरी मीही त्यांचीच मुलगी. दिवाळी झाली आणि मी दुपारचा फोन बंद केला. म्हटलं, नाही तर नाही. रविवारचा फोन तेवढा चालू ठेवला. त्यातही बाबांची पाळी आली, की मीच म्हणायचे, "राहू दे माय, घाई आहे."

जानेवारीत इकडे हाडं गोठवणारी थंडी पडते. लॅबमध्ये दिवसातून वीसदा हात धुवायचे, वर स्पिरिट चोळायचं. माझी बोटं उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी भेगाळली. टोकं वाळून निबर झाली. एका दुपारी ट्रामच्या थांब्यावर उभी असताना मायचा फोन आला. मी हातमोजा काढला आणि पडद्यावरचं हिरवं चाक उजवीकडे ओढायला लागले. चाक हलेना. बोट पुसलं, पुन्हा ओढलं, अंगठा लावला, दाबला, घासला. समोर मायचं नाव, रिंग वाजते आहे, आणि ती काच मला ओळखच देत नाही! रिंग थांबली. पुन्हा आली, पुन्हा तेच. घरी जाऊन कोमट पाण्यात हात धरून बसले, खोबरेल चोळलं, तेव्हा कुठे मला तिचा नंबर लावता आला. माय पहिलंच वाक्य बोलली, "काहून नाही उचलला व? रागावली का माह्यावर?"

डोळ्यांपुढे बोर्डो मलमानं माखलेले दोन हात आले. चाळीस वर्षं मोरचूद, चुना, कुदळ आणि काटे झेललेले. त्या बोटांना काच कशी काय ओळख देणार होती?

मी विचारलं, "माय, बाबा फोन उचलत नाहीत, की त्यांना उचलता येत नाही?"

माय म्हणाली, "मले तरी का सांगतेत ते? थांब, उद्या तू लाव. मी जाऊन पाह्यतो." मी तिला सांगून ठेवलं, की अंगठ्यानं नाही जमलं तर करंगळी लावायला सांग, ती कामात सगळ्यात कमी झिजते.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर निघाले आणि ठरल्या वेळी ट्रामच्या थांब्यावरून फोन लावला. माय तेव्हा चार झाडं अलीकडे उभी होती. तिनं जे पाहिलं ते नंतर मला सांगितलं, आणि अजूनही दरवेळी ते तितक्याच रंगवून सांगते. रिंग वाजली तसे बाबा धडपडून उठले. दोन-अडीच महिने ती दुपारी वाजलीच नव्हती. त्यांनी खिशातून एक पुरचुंडी काढली. ती माझी पिवळी ओढणी होती, कपाटात राहून गेलेली. तीत फोन गुंडाळलेला. बाबांनी फोन बाहेर काढला, ओढणी आपल्या मनगटाला आणि तळव्याला नीट गुंडाळली, नुसतं बोटाचं टोक बाहेर ठेवलं, आणि अगदी हळू, चुचकारत, काचेवर फिरवायला लागले.

शहरातल्या वाचकाला यातलं काही कळायचं नाही, पण मायला क्षणात कळलं. आमची गाय मायच्या हाताला लागलेली होती. माय माहेरी गेली की ती दुसऱ्या कुणाला पान्हा सोडायची नाही. मग बाबा मायचं जुनं लुगडं अंगावर घ्यायचे, हातावर त्याचा पदर टाकायचे आणि दूध काढायला बसायचे. गाय वास घ्यायची आणि निमूट उभी राहायची. बाबांनी मनाशी हिशेब असा बसवला होता, की हा फोन वर्षभर पोरीनं वापरला, तो तिच्या बोटाला लागला आहे. मायच्या हाताला चालतो, म्हणजे बाईचा हात ओळखतो. आपल्या हाताला लागायला वेळ लागेल. फोनचा दोष नाही आणि पोरीचा तर नाहीच. म्हणून ते कुणाला बोलले नव्हते. रोज दुपारी सवय लावत होते.

माझ्या कानाला रिंग वाजतच होती. मग खसखस झाली, लांबून मायचा आवाज आला, "अवो, करंगळी! करंगळी लावा म्हनते पोरगी!" आणि एकदम जवळून, श्वासासकट, बाबा म्हणाले, "लागला! लागला व!"

मी नाक ओढलं. त्यांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "रडून राहिली काय? मले वाटे तूच रागावली. फोन करनंच सोडलं तुनं." मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही रागावलात, नुसतं 'जाय' म्हणालात म्हणून. ते म्हणाले, "मंग काय म्हनू? राह्य म्हनलं असतं तर तू राह्यली असती. म्हनून नाही म्हनलं."

एवढं बोलून त्यांनी विषय बदलला, कारण पुढचं बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. अंबिया बहार फुटला होता, सगळा बगीचा घमघमत होता, आणि विहिरीकडच्या तिसऱ्या झाडाला डिंक्या होता. त्याचं काय करायचं ते त्यांनी सप्टेंबरपासून मला विचारायचं ठेवलं होतं. मी ट्रामच्या थांब्यावर उभी राहून एका झाडाची साल कशी खरवडायची ते सांगत होते. शेजारची डच बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. माझ्या ट्राम एकामागून एक निघून गेल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून इकडेच आहे. घर घेतलं, लेक डच शाळेत जाते. मला लोक विचारतात, तुझं घर नक्की कोणतं? मी पूर्वी गडबडायचे. मोर्शी म्हटलं तर मी तिथे वर्षातून वीस दिवस असते. इथलं म्हटलं तर जिभेवर खोटं बोलल्याची चव येते.

बाबांनी बोर्डो मलम लावणं सोडलं आहे, ते काम आता मजूर करतात. फोनही नवा, झकास आहे, त्यांच्या बोटाला लगेच ओळख देतो. तरी मी दुपारचा फोन लावला की सहा-सात रिंग वाजतात तेव्हा कुठे ते उचलतात. मला वाटायचं, वय झालं, खिशातून काढायला वेळ लागतो. गेल्या आठवड्यात उचलला तो मायनं, आणि तणतणतच, "पाह्य, हातात धरून बसले होते! वाजून राहिला, वाजून राहिला, उचलतच नाहीत. हे यांचं रोजचंच हाय."

मागून बाबांचा आवाज आला, "तुले काय घाई व? उचलला की तिचा फोटो जाते. वाजते तोवर पोरगी समोर दिसत राह्यते."

त्या जुन्या फोनवरही माझ्या नंबराला माझा फोटो लावलेला होता. मग त्या सगळ्या दुपारी, मी बाकावर रडत होते त्यासुद्धा, मी त्यांच्या समोर बसलेली होते तर. आता मला कुणी घर विचारलं तर सांगता येईल असं वाटतं. फोन लावल्यापासून तो उचलेपर्यंतचा जो वेळ असतो, तेवढा वेळ मी घरी असते. मी आता घाई करत नाही, वाजू देते.