दाजीची होडी

"दाजी, मोटार लहानी हाय, मग एवढी तगडी बॅटरी कामून लावायलेत? जळंल की!" लंगड्या जीवननं विचारलं.

"गप बस. लोकं बघायलेत, होडी पळाय पायजे."

चंद्रभान मानवतला पंख्या-मिक्सरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. मेव्हण्याचा, जीवनचा, पाय गेला तवा धरणात जाळं न्यायला ही रिमोटची होडी त्यानंच करून दिली. होडी सुसाट सुटली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मधोमध मोटारीतून धूर निघाला अन् होडी जीवनचं एकुलतं एक जाळं घेऊन बुडाली.

"दाजी, आता म्या खाऊ काय?"

"उतर की पाण्यात. एक पाय हाय अजून," चंद्रभान हसला. दुकानात येऊन त्यानं अर्धी राहिलेली मिक्सरची मोटार पुढ्यात ओढली अन् तार गुंडाळायला बसला.