चित्रात मागे राहिलेली बाई

१२ मे. उद्या घर बदलायचं म्हणून पुस्तकं खोक्यांत भरत होते. युरोपातल्या जुन्या तैलचित्रांचं जाड पुस्तक हातातून निसटलं आणि उघडं पडलं. बरोक काळातलं चित्र होतं. ट्रॉय शहर पेटलेलं. एका योद्ध्याने म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतलंय, म्हाताऱ्याच्या हातात घरचे देव आहेत, लहान मुलगा बाजूने चालतोय. बायको मागे. खाली लिहिलं होतं की त्यानेच तिला मागून यायला सांगितलं होतं. सुखरूप पोचल्यावर त्याने वळून पाहिलं, तेव्हा ती नव्हती.

तिला कोणी टाकलं नव्हतं. सगळे घाईत होते, इतकंच. माणसं बहुधा अशीच मागे राहतात.

पलीकडच्या खोलीत माझा नवरा त्याच्या आईला समजावत होता. "पंधराच दिवस वृद्धाश्रमात राहा गं. घर लागलं की न्यायला येतोच."

"राहीन की. आधी देव नेऊन ठेवा," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "नवा पत्ता तेवढा कागदावर लिहून देशील ना मला?"

मी पुस्तक मिटून खोक्यात ठेवलं.

१३ मे. सकाळी टेम्पो भरायच्या आधी मी रिक्षा बोलावली, सासूबाईंना आत बसवलं आणि देवांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"अगं, आईचं ठरलंय ना आपलं?" नवरा म्हणाला.

"देव आधी जायचेत. ते धरायला आई हव्यात," मी त्यांच्या शेजारी बसत म्हटलं. "तू ये टेम्पोबरोबर मागून."