मी ओटीपी दिला नाही

"बाई, ही इलेक्ट्रिक गाडी आहे. म्हैस नाही, रोज पाइप लावून धुवायला."

तो असं म्हणाला आणि शेजारच्या काउंटरवरची मुलगी हसली. मागे उभे असलेले दोघं हसले. मी हेल्मेट हातात धरून उभी होते. मीही हसले. अपमान झाला की आधी आपणच हसायचं, म्हणजे तो लवकर आटपतो, हे मला फार लहानपणी कळलेलं आहे.

तो म्हणजे हडपसरच्या सर्व्हिस सेंटरमधला ॲडव्हायझर. गळ्यात पट्टा, हातात टॅब. माझी स्कूटर नवीकोरी. सीटवरचं प्लास्टिकही मी अजून काढलं नव्हतं. आणि ती चालता चालता बंद पडत होती. समोरचा स्क्रीन काळा व्हायचा आणि गाडी जागच्या जागी मरायची. त्याचं म्हणणं, मी पाणी मारून मारून ती बिघडवली.

आमच्या घरात कधी म्हैस नव्हती. यवतमाळकडच्या आमच्या गावात आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढलं. म्हैस कशी धुतात ते मला चांगलं माहीत आहे, पण म्हैस मालकाची. आणि धायरीत मी भाड्यानं राहते त्या खोलीत नळाला पाणी येतं एक दिवसाआड. प्यायचे वांधे, गाडी कुठली धुते? ओल्या फडक्यानं पुसते. हे सगळं त्याला सांगायला पाहिजे होतं. मी फक्त म्हणाले, "नाही हो, मी धूत नाही." आवाज असा निघाला, की धूत असेलच, असं कुणालाही वाटावं.

फोनवर मी मॅडम होते. समोर आल्यावर त्यानं पूर्ण नाव विचारलं. आडनाव टाइप करताना त्याची बोटं जराशी थांबली. मग मी बाई झाले. कुणी म्हणेल, तुझ्या मनाचे खेळ. म्हणू दे. शाळेत, हॉस्टेलवर, खोली शोधताना, ती थांबलेली बोटं मी खूप बघितली आहेत.

मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी लोक उपाशीपोटी माझी वाट बघत असतात. हिंजवडीकडच्या मोठमोठ्या सोसायट्या. वॉचमन मला सामानाच्या लिफ्टनं पाठवतो. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. बसनं ही घरं वेळेत होत नाहीत. म्हणून गाडी घेतली. आमच्या अख्ख्या घराण्यात नवी गाडी घेणारी मी पहिली.

ज्या दिवशी ती मिळाली, त्या दिवशी शोरूममध्ये विचारलं, "घरचे येताहेत ना? फोटो काढायचाय." तिथं पुठ्ठ्याची भलीमोठी चावी देतात आणि सगळा स्टाफ टाळ्या वाजवतो. मी म्हणाले, येताहेत, वाटेत आहेत. कुणीही वाटेत नव्हतं. थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, ट्रॅफिकमध्ये अडकलेत, काढा तुम्ही. चावीचं दुसरं टोक तिथल्याच एका मुलीनं धरलं. टाळ्या वाजल्या. मी खूश होते. खोटं कशाला बोलू, फार खूश होते.

पहिल्यांदा ती नवले पुलाच्या उतारावर बंद पडली. मागून ट्रक येत होते. मी ढकलत कडेला आणली. एक मोटरसायकलवाला जरा हळू झाला, मला वाटलं मदतीला थांबतोय. "पेट्रोलचीच घ्यायची ना, ताई," म्हणाला आणि गेला. त्या सकाळी एक शुगरचे आजोबा माझ्यामुळे ताटकळले, त्यांना चक्कर आली. त्यांच्या सुनेनं लॅबला फोन करून सांगितलं, परत हिला पाठवू नका. तिचं बरोबरच होतं. मी तरी तिच्या जागी काय केलं असतं?

गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. त्यांनी सॉफ्टवेअर टाकलं. परत बंद पडली. त्यांनी एक पार्ट बदलला. परत बंद पडली. तेव्हाच ते म्हशीचं ऐकून घेतलं. दर खेपेला धायरीपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी म्हणाले, मला बदलून द्या. उत्तर ठरलेलं. "वॉरंटीत रिपेअर असतं, रिप्लेसमेंट नसते. कंपनीची पॉलिसी आहे. गाडी चालू आहे ना?"

आणि तिथली एक पद्धत आहे. गाडी परत देताना आपल्या फोनवर ओटीपी येतो. तो त्यांना सांगितला की त्यांच्या सिस्टिममध्ये तक्रार बंद होते आणि ग्राहक समाधानी, असं धरलं जातं. ओटीपी दिल्याशिवाय चावी हातात पडत नाही. मी दर वेळी दिला. गाडीशिवाय दुसऱ्या दिवशी काम कसं करणार? म्हणजे मी दर वेळी पुलावर गाडी ढकलत होते आणि कंपनीच्या लेखी दर वेळी समाधानी होत होते.

शेवटच्या खेपेला मी बाहेर पत्र्याखालच्या बाकावर बसले होते. आत काचेची एसी खोली आहे, सोफे आहेत. बोर्ड कुठंच नाही. कुणी कुठं बसायचं ते नुसतं हातानं दाखवतात. त्या काचेच्या खोलीतून एक तरुण फोनवर बोलत बाहेर आला. गळ्यात आयटी कंपनीचं कार्ड. त्याची स्कूटर माझ्यासारखीच, रंगसुद्धा तोच.

"हो रे, मधेच ऑफ व्हायची. नवीन दिली त्यांनी. छे, भांडण वगैरे काही नाही. काकांच्या ओळखीतला डीलर आहे, एक कॉल टाकला."

त्याला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी त्याच्याकडे बघतेय हे पाहून तो छान हसला. "तुमचीपण सेमच आहे का? मस्त गाडी आहे," म्हणाला आणि नव्या गाडीवर बसून गेला.

मी माझा फोन काढला. त्यात खूप नावं आहेत. बी विंग शुगर. थायरॉइड काकू. रो हाऊस कुत्रा आहे. कुणाची शीर कुठल्या हाताला सापडते ते मला पाठ आहे. पण माझ्यासाठी एक फोन करा, असं ज्याला म्हणावं असा त्यात एकही माणूस नव्हता. मी आईला लावला.

"गाडीले दृष्ट लागली असंन, माय," आई म्हणाली. "लिंबू बांध अन् घेऊन जाय घरी. मोठ्या लोकायच्या तोंडी नाही लागावं."

कुणाच्या तोंडी न लागताच तिनं आम्हाला जगवलं आहे. मी फोन ठेवला. त्या पत्र्याखाली मला फार एकटं वाटलं. रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. मग वाटलं, आपल्या मागे कुणी नाही, तर मग आपण घाबरतोय तरी कुणाचं नाव खराब होईल म्हणून?

"झाली गाडी. ओटीपी सांगा," ॲडव्हायझर म्हणाला. माझा फोन वाजला. आकडे समोर होते.

"नाही सांगत."

"म्हणजे?"

"मी ही गाडी नेणार नाही. मला बदलून पाहिजे."

तो हसला. "बाई, चालवून बघा. चालू आहे."

"आत्ता चालू आहे. नवले पुलावर बंद पडते. तिथं येता का ढकलायला?"

या वेळी कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. तो म्हणाला, "ओटीपी दिला नाहीत तर तक्रार क्लोज होत नाही." मी म्हणाले, मग राहू द्या उघडी.

मॅनेजरला बोलावलं. तो सभ्य होता. "आपण शिकलेल्या दिसता. जरा समजून घ्या. घरात कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना पाठवून द्या, मी त्यांच्याशी बोलतो."

"मीच आहे मोठं माणूस. मघाशी एकाला गाडी बदलून दिलीत. ती कुठल्या पॉलिसीत बसते?"

"ती केस वेगळी आहे."

"काय वेगळं आहे?"

काय वेगळं आहे ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, काउंटरवरच्या मुलीलाही माहीत होतं.

"बोला ना. मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू द्या."

तो टेबलावरचा पेन सरळ करत बसला. मी हेल्मेट उचललं आणि बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

गाडी अजून तिथंच आहे. हिंजवडीची घरं लॅबनं दुसऱ्याला दिली. मी धायरी आणि आसपासची चालत, बसनं करते. शेजारच्या वहिनी म्हणतात, "फुकट रिपेअर करून देताहेत ना, मग कशाला एवढं ताणायचं?" आईशी मी या विषयावर बोलत नाही. ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. वकील नाही. तिथं मीच उभी राहणार, मीच बोलणार, आणि त्या मॅनेजरनं जे गिळलं ते त्याला तिथं विचारणार.

सर्व्हिस सेंटरमधून फोन येतात. एक सर्व्हिस फ्री देतो म्हणतात, वर नवं हेल्मेट देतो म्हणतात. फक्त ओटीपी सांगा. मी नाही म्हणते आणि ठेवते. ती गाडी मी नेणार नाही. ते मी थकायची वाट बघताहेत.

बघू देत.