व्हार्निशचा वास

आमची लेक आता मोठी झाली. दुकानातून आत येताना नाक धरते. "आई, घरभर काय हा वास!" म्हणते आणि खिडक्या उघडत सुटते. मैत्रिणी यायच्या असल्या की उदबत्ती लावते, तीही एक नाही, दोन-दोन. मी काही बोलत नाही. आता मी न बोलणारी बाई आहे असं कुणी समजू नये. बारामतीजवळच्या आमच्या अख्ख्या जळोचीत विचारा, माझ्या तोंडाचा पट्टा किती चालतो ते. पण ह्या एका गोष्टीवर माझं तोंड उघडत नाही.

वास व्हार्निशचा. माझा नवरा पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. जळालेली मोटर खोलायची, आतली करपलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार भरायची आणि वरून व्हार्निश ओतून उन्हात वाळत ठेवायची. दुकान पुढं, आम्ही मागं, मध्ये एक पडदा. पडद्यानं वास अडतो होय? लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मी रोज भांडले. भाताला वास, उशीला वास, माझ्या केसांना वास. हे नुसतं म्हणायचे, "होईल सवय." झाली. इतकी झाली की नंतर तो वास आहे हेच मला कळेना.

मग ते साथीचं, बंदचं वर्ष आलं.

लेक तेव्हा पहिलीत होती. सासूबाई इंदापूर तालुक्यात निरवांगीला राहतात, गावाबाहेरच्या वस्तीवर. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या आल्या आणि "चार दिस ऱ्हाऊ दे की माझ्याकडं," म्हणून पोरीला घेऊन गेल्या. पोरगी एवढ्याशा पिशवीत दोन फ्रॉक घालून उड्या मारत गेली. मागं वळून बघितलंही नाही बाईसाहेबांनी. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं बंद. एसटी बंद, रस्ते बंद. निरवांगीच्या वस्तीनं तर वाटेवर बाभळीच्या काट्या ओढून टाकल्या. बाहेरचं कुणी आत नाही, आतलं कुणी बाहेर नाही.

आमच्या शेजारी एक केशकर्तनालय आहे. त्याला सक्त मनाई झाली. मालक बिचारा शटरला टेकून बसायचा आणि ह्यांना म्हणायचा, "तुमचं बरं हाय, शेतीचं काम म्हणून परवानगी हाय." मला वाटायचं, अदलाबदल कर बाबा. तुझं बंद शटर आम्हाला दे. कारण आत्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "तुजा नवरा रोज धा जणांच्या रानात जातुया. दुकान बंद करा, पंधरा दिस घरात बसा आन् मग पोरगी घिऊन जा. तवर न्हाय." आत्यांना दम्याचा त्रास. त्यांचं चूक कसं म्हणू? एकाच खोलीत आम्ही राहणार, हे दिवसभर कुठंकुठं फिरून येणार. पोरगी आणली आणि तिलाच काही झालं तर?

म्हणजे सरळ हिशेब होता. दुकान बंद, तर लेक घरी. दुकान चालू, तर लेक निरवांगीला. आणि आमचे हे, सकाळी उठले की तोंडाला रुमाल बांधून पाने-पकडी टेम्पोत टाकायला लागायचे.

मी काय कमी भांडले? "तुमच्या एकट्याच्या जिवावर बारामतीचा ऊस उभा आहे का? तुम्ही पंधरा दिवस नाही गेलात तर काय आभाळ कोसळणार आहे?" आदळआपट केली. एकदा तर टेम्पोची किल्लीच डाळीच्या डब्यात टाकली. ह्यांनी डबा पालथा न घालता, हात घालून किल्ली काढली, फुंकर मारून डाळ झटकली आणि म्हणाले, "बाहेर फिरायची हौस नाही मला. पण मोटर बंद पडली की माणसं घरात राहत नाहीत. पन्नास बाया एका हापशावर जमतात. मी घरात बसलो तर त्या बाहेर पडतात."

"त्या बायांची पोरं त्यांच्याजवळ आहेत," मी म्हटलं. त्यांनी किल्ली जरा वेळ हातातच फिरवली. पण गेलेच.

आठवण यायची म्हणजे कशी सांगू? फोनवर रोज बोलायची ती. पण पहिल्या आठवड्यात "आई, मी जेवले," म्हणणारी पोरगी हळूहळू "आई, म्या जेवले," म्हणायला लागली. आहेचं हाय झालं, नाहीचं न्हाय झालं. आत्यांचीच भाषा आत्यांच्याच हेलात. ऐकून आधी हसू यायचं. फोन ठेवला की रडू यायचं. माझी पोरगी माझ्या माघारी दुसऱ्या कुणाच्या घरात वाढत होती आणि मी इथं दोन माणसांची भाकरी करत होते. आज ती सगळं कसं शुद्ध बोलते, शाळेत बक्षीस मिळवते. मी मात्र त्या "न्हाय"साठी तळमळते. पुन्हा एकदा म्हणून दाखव म्हटलं तर म्हणते, "आई, काहीतरीच काय!"

तर एकदा फोनवर तिनं एकच मागितलं. "माझी झोपायची साडी दे की." ती माझीच जुनी पिवळी सुती साडी. धुऊन धुऊन मऊ झालेली. घरात मी ती नेसायची आणि पोरगी तिचा पदर मुठीत धरून, नाकाशी नेऊन झोपायची. लहानपणापासूनची खोड. म्हटलं, पाठवते बाळा. पाठवणार कुणाच्या हाती? त्या वाटेला चिटपाखरू फिरकत नव्हतं.

आणि मग वस्तीवरचीच मोटर जळाली. आठ-दहा घरांची मिळून एक विहीर, तिच्यातली. आत्यांचा फोन आला. आवाजात नेहमीची जरब नव्हती. "नळाला पानी न्हाय. गावातल्या हापशाव जावं लागतंया. लई गर्दी हुतीया गं. तुजी पोरगीबी कळशी घिऊन माज्या मागं येती."

दम्याची म्हातारी आणि सहा वर्षांचं पोर त्या गर्दीत. मी हातातलं काम टाकून दुकानात गेले आणि म्हटलं, "उठा. आधी निरवांगीची मोटर." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता कशी म्हणतेस? ह्यांनी नुसती टेम्पोची किल्ली उचलली. त्याचाही मला रागच आला.

वस्तीवरच्या लोकांनी मोटर वर काढून काट्यांपाशी आणून ठेवली होती, ती हे घेऊन आले. मदतीचा माणूस बंद लागताच आपल्या गावी निघून गेला होता, म्हणून मीच बसले. तारेखाली घालायचे कागद कापून दिले, तार धरली. व्हार्निश ओतलं, मोटर उन्हात ठेवली. मग हे म्हणाले, "बसवायला दोरीवर एक माणूस लागेल. तिथल्या कुणाला जवळ घ्यायचं नाही." मी म्हटलं, "मी येते." आत जाऊन पिवळी साडी काढली. आत्यांनी बजावलं होतं, "काय आनशील ते कढत पान्यातनं काढून आन." जंतू मारायचं औषध घातलेल्या कढत पाण्यात ती घोळली, कडक उन्हात वाळवली, स्वच्छ पिशवीत घातली.

वाटेत नाक्यावर पोलिसानं टेम्पो अडवला. ह्यांची परवानगी काचेवर चिकटवलेली. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ह्या कोण?"

"हेल्पर," हे म्हणाले.

मी तोंडाला पदर गुंडाळून, मांडीवर दोन पाने घेऊन, जितकं हेल्परसारखं दिसता येईल तितकं दिसले. त्यानं सोडलं. बायको म्हणून सोडलं नसतं, आई म्हणून तर नाहीच नाही. हेल्पर म्हणून सोडलं. मला इतकं हसू आलं, आणि ह्यांनाही. त्या दोन महिन्यांत आम्ही दोघं एकदम हसलो ते तेवढंच.

काट्यांपाशी एक म्हातारे तात्या काठी घेऊन बसले होते. टेम्पो बघताच उठले. "मोटरवालं आलं रं, वाट सोडा," म्हणून स्वतःच काठीनं काट्या बाजूला सारल्या. मी मनात म्हटलं, तात्या, इतके दिवस हाच रस्ता माझ्यासाठी बंद होता.

विहीर आणि आत्यांचं घर ह्यांच्यामध्ये मक्याचा एक पट्टा, तोही काढून झालेला. पलीकडच्या बांधावर ती उभी होती. उंच झाली होती. काळी झाली होती. वेण्या आत्यांनी इतक्या करकचून घातलेल्या की भुवया ताणल्या होत्या. मी हात हलवला. तिनं उडी मारली आणि आत्यांनी तिला मागून फ्रॉकला धरलं. माझे पाय आपोआप चालायला लागले होते. हे नुसतं म्हणाले, "अगं." मी थांबले. घातला तो एक शब्द त्यांनी मध्ये, आणि त्याचा मला आजही राग आहे, आणि ते बरोबर होते हेही मला ठाऊक आहे.

मोटर विहिरीत सोडताना दोरी माझ्या हातात होती. "दोरीकडं बघ," हे दोनदा ओरडले. बघत होते मी, एका डोळ्यानं. मग पाइप जोडला, स्टार्टर दाबला. आधी नुसती हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. वस्तीवर कुणीतरी हाळी दिली. थोड्या वेळानं गावाकडच्या वाटेनं बाया परत येताना दिसल्या. घागरी रिकाम्या, मोकळ्या चालीनं. एकेक जण आपापल्या दारात शिरली आणि वाट मोकळी झाली.

"बघ," हे म्हणाले.

"बघितलं," मी म्हटलं.

मग मी पिशवी नेऊन पट्ट्याच्या मधल्या दगडावर ठेवली आणि मागं आले. आत्यांनी ती काठीनं उचलली आणि साडी बाहेर काढून कुंपणावर उन्हात टाकली. पण पोरगी थांबते कशाला? तिनं ओढून घेतली, सगळी तोंडाशी धरली. अशीच झोपायची ती. मी डोळे भरून बघत होते. वाटलं, चला, एवढं तरी पोचलं माझ्या हातून.

तिनं साडी खाली केली. उलटी करून पुन्हा हुंगली. पदर शोधला, तो हुंगला.

"आई," ती ओरडली, "ह्याला तुजा वास न्हाय."

"धुतली गं बाळा, कढत पाण्यात."

"मोटरीचा वास न्हाय. औषधाचा येतुया."

मोटरीचा वास. म्हणजे ज्या वासापायी मी सहा महिने भांडले, तोच तिच्या लेखी आईचा वास होता. हे दोरी गुंडाळायची सोडून तसेच उभे राहिले.

तिनं साडीची कशीबशी घडी घातली. चालत दगडापर्यंत आली. माझ्यापासून इतकी जवळ की ओठावरचा दुधाचा डाग दिसत होता. मी वाकले, तशी ती हात पुढं करून म्हणाली, "हितं येऊ नगंस. लांब उभी ऱ्हा." आत्यांनी शिकवलं होतं ते तिनं नीट पाळलं. साडी दगडावर ठेवली आणि बांधावर पळत गेली. तिथून सांगितलं, "घरी ने. चार दिस नेस आन् मग आन. धुऊ नगंस." आत्यांनी तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

आम्ही परत निघालो. साडी माझ्या मांडीवर, पान्यांच्या वर. न धुतलेली साडी आत्या आत घेणार तर दुकान बंद ठेवून पंधरा दिवस काढल्यावरच, हे मला कळत होतं आणि ह्यांनाही. इतक्यात ह्यांचा फोन वाजला. त्यांनी टेम्पो कडेला घेतला, खिशातून फोन काढला. उचलला नाही. माझ्यासमोर धरला.

"तू सांग," म्हणाले. "तू म्हणशील ते. नको म्हणालीस तर आजपासून दुकान बंद."

इतके दिवस मी ह्यासाठीच तर भांडत होते. एक शब्द म्हणायचा होता. मी फोन घेतला. पलीकडं बाईमाणूस होतं, मोरगावच्या बाजूची कुठली तरी वस्ती. मोटर जळालीय, शेरडांना पाणी नाही, पोरं तहानलीत, सगळ्या हापशावर आलोय. मागं कळश्या वाजत होत्या, आणि कुणाचं तरी लहान पोर आईला हाक मारत होतं.

"घरी जा सगळ्या," मी म्हटलं. माझा आवाज माझाच मला ओळखू येईना. "गर्दी करू नका. आम्ही येतोय."

ह्यांनी टेम्पो चालू केला.

ती मोटर दुकानात आली तेव्हा मी आंघोळ करून पिवळी साडी नेसले आणि व्हार्निशच्या डब्याशेजारी बसले. हे म्हणाले, "पदर खोच, व्हार्निश लागेल."

म्हटलं, "लागू दे."