जुन्याला भाकर घालणाऱ्या खाला

खालांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्टूल समजून त्यांच्या कॉम्प्युटरवर बसलो. चूक अगदीच अक्षम्य नव्हती. आडवं, बसकं खोकं, वर वेलबुट्टीची चादर, आणि दुकानात टेकायला दुसरं काही नाही. बूड गरम लागलं तेव्हा कुठं शंका आली. हातातल्या कापडावरून नजर न काढता खाला म्हणाल्या, "उठ रं भाऊ. तो काम करतोय, तू नाय."

कर्जतच्या बाजारात त्यांचं भरतकामाचं मशीन होतं. माहेर समुद्राकडचं, लग्न होऊन इथे आल्या आणि साऱ्या गावाच्या खाला, म्हणजे मावशी, झाल्या. त्यांच्याहून म्हातारी माणसंही त्यांना खालाच म्हणायची. शाळेचे बिल्ले, देवीच्या पालखीची झूल, नवरीची ओढणी, सगळं तिथेच व्हायचं. कॉम्प्युटरवर नक्षी मांडायची, ती तारेतून मशीनला जायची आणि सुई नाचायला लागायची. बटण दाबताना त्या "बिस्मिल्ला" पुटपुटायच्या, मग कापडावर कुणाच्याही देवाचं नाव असो.

बसण्याचं प्रायश्चित्त म्हणून मी सल्ला द्यायला लागलो. मी खोपोलीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. शेजाऱ्यांच्या प्रिंटरची निघालेली पिन एकदा मी परत खोचली, तेव्हापासून आमच्या आळीत माझं नाव कॉम्प्युटरवाल्यांत घेतात, आणि मीही ते कधी खोडून काढलेलं नाही. हे खोकं भंगारात द्या, नवा लॅपटॉप घ्या, असं मी खालांच्या मागे टुमणंच लावलं. शेवटी त्यांनी घेतला. पातळ, सुपारीच्या वाळक्या पानासारखा हलका, प्रोसेसर एकदम नव्या जातीचा. दुकानदाराने ती जात इतक्या कौतुकाने सांगितली की मी काही विचारलंच नाही.

खोकं मात्र खालांनी जाऊ दिलं नाही. दर शुक्रवारी त्याची चादर काढायच्या, बटण दाबायच्या, घटकाभर त्याची घरघर ऐकायच्या आणि बंद करायच्या. मी हसलो की म्हणायच्या, "नव्याचं कवतिक कर रं, पन जुन्याला भाकर घाल."

पावसाळ्यात कामं नव्हती, म्हणून लॅपटॉप मशीनला अजून जोडलाच नव्हता. मग शेलूच्या माझ्या भाचीचं लग्न ठरलं. अंतरपाट मामाने आणायचा, ही आमच्या ताईकडची रीत. त्यावर नवरा-नवरीची नावं आणि भोवती मोर, असं भाचीने स्वतः लॅपटॉपवर बसून पसंत केलं. ताईने बजावलं होतं, "अरे, एवढं एक काम तरी नीट कर." लग्नाच्या आदल्या दुपारी आम्ही मशीन लावलं. पडद्यावर मोर असा देखणा की आता केकाटेल. मशीन ढिम्म.

मी सवयीप्रमाणे पिन काढून परत खोचली. एवढ्यावर माझी विद्या संपली. मशीनच्या कंपनीला फोन लावला. तिथली बाई फार गोड बोलली. नव्या जातीच्या प्रोसेसरची भाषाच वेगळी. जुने प्रोग्रॅम त्यावर दुभाष्यामार्फत चालतात, म्हणून नक्षी दिसते. पण मशीन हलवणाऱ्या प्रोग्रॅमला दुभाष्या चालत नाही, तो त्या प्रोसेसरसाठी नव्यानेच लिहावा लागतो. तुमचं मशीन जुनं, त्यामुळे तो कुणी लिहिलेला नाही आणि लिहिणारही नाही.

खालांना मी हे समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे बोलतो सगळं, पन हात हलवत नाय. असला एक जावई हाय आमच्यात."

आणि त्यांनी चादर काढली. खोकं घरघरलं, खोकलं, उजळलं. मशीनची सुई हलली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरला नमस्कार केला. पण मोर नव्या प्रोग्रॅममध्ये केलेला. जुन्याला तो उघडेना. खालांनी नावं पुन्हा टाइप केली आणि भोवती त्यांची नेहमीची वेल टाकली. जुन्यात कडेला घालण्याजोगं तेवढंच होतं. "मोर उडाला म्हनून सांग," म्हणाल्या. ताईला सांगायचं मला होतं, त्यांना नाही.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला गेला आणि मी खांबाआड उभा राहिलो. ताईचा चेहरा पाहण्याची छाती नव्हती. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "अगं, खालांची वेल. माझ्या शालूवर हीच हाय." मग दुसरीच्या ओढणीवर निघाली, तिसरीच्या रुखवताच्या रुमालावर. निम्म्या मांडवाची लग्नं त्याच वेलीखाली लागलेली. ताई पदर सावरत म्हणाली, "मीच मुद्दाम सांगितली होती." मी खांबाआडून बाहेर आलो.

गेल्या उन्हाळ्यात खालांनी दुकान आवरलं. डोळे साथ देईनात, म्हणून त्या श्रीवर्धनकडे लेकीच्या घरी गेल्या. लॅपटॉप नातीला दिला; ती त्यावर सिनेमे बघते, त्याला हात हलवावा लागत नाही. मशीन घेणाऱ्याने खोकं नाकारलं. टेंपो निघताना त्यांनी ते चादरीसकट माझ्या हातांत ठेवलं.

आता ते आमच्या घरी आहे. त्याला जोडायला मशीन नाही, नक्षीला गिऱ्हाईक नाही. तरी दर शुक्रवारी मी चादर काढतो, बटण दाबतो आणि घरघर ऐकत बसतो. परवा बायको पोळ्या लाटता लाटता बघत होती. मला वाटलं, आता भंगारवाल्याचं नाव काढणार. म्हणून मीच आधी खालांचं वाक्य ऐकवलं.

"खरंय त्यांचं," ती म्हणाली. "एका जुन्याला मी रोज घालतेच आहे. या दुसऱ्याचं तेवढं तुम्ही बघा."